क्वारंटाइन टाकीत कॉपरचे औषध सुरक्षितपणे कसे द्यावे

माझ्या पहिल्या क्वारंटाइन टाकीतले, म्हणजे नवे किंवा आजारी मासे वेगळे ठेवण्याच्या टाकीतले, दोन ड्वार्फ एंजल मासे रोगाने दगावले नाहीत, माझ्या चुकलेल्या हिशेबाने दगावले. टाकीच्या खोक्यावर ७२ लिटर हा आकडा छापलेला होता. त्यावरून मी औषधाचा पूर्ण डोस काढला, तो एका दमात ओतला आणि तिसऱ्या दिवशीही अंगावरचे पांढरे ठिपके तसेच दिसतात म्हणून वर आणखी अर्धा डोस घातला. टाकीत प्रत्यक्षात ५८ लिटर पाणी होते, आणि पाण्यातले कॉपर मोजण्याचे कोणतेही साधन माझ्याकडे नव्हते. त्यानंतर मी अनेक मासे कॉपरच्या उपचारातून सुखरूप बाहेर काढले. दरम्यान जे शिकावे लागले, ते पहिल्यांदाच हा उपचार करणाऱ्या वाचकासाठी क्रमाने मांडत आहे.

बाटलीतून किती मिलिलिटर औषध ओतले, यावरून या उपचारात फारसे काही कळत नाही. या घडीला टाकीतल्या एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम कॉपर आहे आणि ते प्रमाण ३० दिवस सलग टिकले का, एवढ्यावर यश-अपयश ठरते. पुढची प्रत्येक पायरी या दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी ठेवण्यासाठी आहे. येथील सर्व आकडे खाऱ्या पाण्यातील माशांसाठी आहेत. गोड्या पाण्यात कॉपरची विषारीपणाची तीव्रता पाण्याच्या कठीणपणानुसार खूप बदलते, त्यामुळे हे आकडे तिकडे वापरू नयेत.

१. रोग कॉपरने बरा होणारा आहे का, ते आधी पाहा

कॉपर मुख्यतः दोन परजीवींवर चालते. पहिला क्रिप्टोकॅरियन इरिटन्स, म्हणजे ज्याला आपण मरीन इक किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणतो. दुसरा अमायलोऊडिनियम, म्हणजे व्हेल्वेट. इकचे ठिपके मिठाच्या कणांसारखे सुटे आणि मोजता येतील असे असतात. व्हेल्वेटमध्ये अंगावर बारीक पिठूळ थर पसरल्यासारखा दिसतो, आणि पुष्कळदा तो थर दिसण्याआधीच मासा जलद श्वास घेऊ लागतो, उजेड टाळतो, पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभा राहतो. व्हेल्वेटने मासा दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो, म्हणून तेथे विचार करायला फार वेळ मिळत नाही.

ब्रूक्लिनेला व युरोनेमा हे परजीवी, त्वचेवरील व कल्ल्यांवरील फ्लूक (चपटे कृमी) आणि जिवाणूंमुळे होणाऱ्या जखमा यांच्यासाठी कॉपर हे औषध नव्हे. क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट पांढरा पदार्थ सुटून लोंबत असेल तर बहुधा ब्रूक्लिनेला आहे आणि कॉपर देण्यात फक्त वेळ वाया जाईल.

कॉपर माशाच्या अंगावरचा परजीवी मारत नाही, हे नवख्याला कोणी सहसा सांगत नाही. इकचा परजीवी त्वचेखाली शिरून साधारण ३ ते ७ दिवस माशावर जगतो, मग गळून तळाशी किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात त्याचे विभाजन होते, आणि त्यातून शेकडो पोहणारी पिल्ले बाहेर पडून नवा मासा शोधतात. त्वचेखाली असताना आणि कवचात असताना कॉपर त्याला काही करू शकत नाही. कॉपरच्या तावडीत तो फक्त पोहण्याच्या अवस्थेत सापडतो. म्हणूनच उपचार सुरू झाल्यावरही काही दिवस ठिपके दिसत राहतात, क्वचित वाढतातही, आणि म्हणूनच उपचार लांबलचक असतो. मी तिसऱ्या दिवशी जादा डोस घातला तो नेमका हे माहीत नसल्यामुळे.

माशाची जातही पाहावी लागते. शार्क व रे यांना कॉपर कधीही देऊ नये. मँडरिन, पफर, लायनफिश, ईल, ड्वार्फ एंजल, बटरफ्लायफिश आणि काही रास यांना ते कमी सोसते. यांतील बरेच मासे सावकाश चढवलेल्या मात्रेत तग धरतात, परंतु ते पहिल्या प्रयोगासाठी योग्य नाहीत. इकच असल्याची खात्री असेल तर अशा माशांसाठी दर ७२ तासांच्या आत निर्जंतुक टाकीत हलवत राहण्याची पद्धत अधिक सौम्य ठरते. व्हेल्वेटवर मात्र ती भरवशाची नाही.

२. आपल्या हातात कोणते कॉपर आहे, ते ओळखा

सर्वाधिक मासे याच गोंधळात मरत असावेत असे मला वाटते. कॉपरची सगळी औषधे सारखी नसतात आणि एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर परिणाम भयंकर होतो.

चिलेटेड कॉपरमध्ये कॉपरचा अणू एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेला असतो. ते पाण्यात जास्त स्थिर राहते, माशांना सौम्य पडते आणि म्हणून त्याची उपचाराची पातळीही मोठी असते. कॉपर पॉवर या औषधासाठी २.२५ ते २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि कॉपरसेफसाठी साधारण २ मिलिग्रॅमच्या आसपास. क्युप्रामिन हे औषध आयनिक, म्हणजे असे धरून न ठेवलेल्या, कॉपरच्या गटात धरतात आणि त्याची पातळी अवघी ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर असते. साध्या मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, पातळी त्याहून कमी, ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढीच. म्हणजे कोणी 'मी कॉपर दोनवर ठेवतो' असे सांगितले आणि तुमच्या हातात क्युप्रामिन असेल, तर तो सल्ला पाळल्यास तुम्ही चौपट विष द्याल. चाचणीच्या यंत्रांवर आणि पुस्तकांत पीपीएम हे एकक दिसते. आपल्या कामापुरते १ पीपीएम म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति लिटर असे धरावे.

मोरचूद माशांच्या रोगावर वापरण्याची रीत जुनी आहे. रॉबर्ट डेम्पस्टर यांनी ऊडिनियम गटातील परजीवींवरील त्याचा उपयोग १९५५ मध्ये प्रसिद्ध केला होता. तरीही नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्फटिकरूप मोरचुदात वजनाच्या साधारण २५.५ टक्के कॉपर असते. ५८ लिटर पाण्यात ०.२० ची पातळी आणण्यासाठी जेमतेम ४५ मिलिग्रॅम मोरचूद लागेल, आणि घरगुती वजनकाट्याला एवढे वजन कळतही नाही. शिवाय खाऱ्या पाण्यात साधे कॉपर कार्बोनेटच्या रूपात साका होऊन खाली बसते, त्यामुळे पातळी सतत घसरते. फवारणीसाठी मिळणाऱ्या मोरचुदाच्या शुद्धतेची तर खात्रीच नसते.

पहिल्या वेळी चिलेटेड कॉपर घ्या. एकदा एक औषध निवडले की पूर्ण उपचारभर तेच ठेवा; दोन प्रकारची औषधे एकाच पाण्यात मिसळली की वाचन कशाचे आहे हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

३. साहित्य जमवा

मासा येण्याआधी पुढील गोष्टी हाताशी हव्यात:

- तळाला वाळू नसलेली काचेची किंवा प्लास्टिकची टाकी, झाकणासह
- हीटर, स्वतंत्र थर्मामीटर आणि एअर स्टोन
- स्पंज फिल्टर, ज्याचा स्पंज तीन-चार आठवडे आधीपासून जिवाणूंसाठी मुरवलेला असावा
- लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे
- पाण्याची क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर
- कॉपर मोजणारा डिजिटल चेकर आणि त्याच्या पुरेशा पुड्या
- अमोनियाची चाचणी
- १ आणि ५ मिलिलिटरच्या सिरिंज
- आणीबाणीसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि तयार खारे पाणी
- वही आणि पेन

यादीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे काय नसावे. लाइव्ह रॉक (जिवाणू व जीव वाढलेले समुद्री दगड), कोरलची वाळू, शिंपले, चुनखडीयुक्त कोणताही दगड या टाकीत नको. हे पदार्थ कॉपर शोषून घेतात. मग तुम्ही औषध घालत राहता, वाचन वर येत नाही, आणि पुढे एखाद्या दिवशी पाण्याचा पीएच घसरला की शोषलेले कॉपर परत सुटते. कार्बन आणि रासायनिक शोषक पॅड फिल्टरमधून काढून ठेवा, कारण कॉपर ओढून घेणे हेच त्यांचे काम. यूव्ही दिवा बंद ठेवा. त्याने चिलेटेड बंध तुटू शकतात. कोरल, झिंगे, खेकडे, गोगलगाय, सी अ‍ॅनिमोन यांना कॉपर मारते, तेव्हा ते या टाकीच्या आसपासही असू नयेत.

यादीतील डिजिटल चेकरवर पैसे वाचवू नका. रंग जुळवून पाहण्याच्या काही किटमध्ये दोन छटांमधला फरक २ आणि ४ इतका असतो, आणि काही किट चिलेटेड कॉपर मोजतच नाहीत. चेकर एकूण कॉपर दाखवणारा आणि निदान ५ पीपीएमपर्यंत वाचणारा हवा. हॅना कंपनीचा 'कॉपर हाय रेंज' चेकर या कामासाठी सर्रास वापरला जातो. त्याच कंपनीचा 'लो रेंज' चेकर चुकून घेऊ नका. चिलेटेड कॉपरची पातळी त्याच्या आवाक्याबाहेर असते.

४. टाकीत पाणी खरोखर किती आहे, ते काढा

खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा बाहेरच्या मापांवरून आणि काठोकाठ भरलेल्या टाकीचा असतो. तुम्हाला हवे आहे ते आतले पाणी. माझ्याच टाकीचे उदाहरण घ्या. बाहेरून ती ६० × ३० × ४० सेंटिमीटर होती, म्हणून ७२ लिटर. आतून तिची लांबी ५९, रुंदी २९, आणि पाण्याची उंची ३३ सेंटिमीटर. ५९ × २९ × ३३ म्हणजे ५६,४६३ घन सेंटिमीटर. त्याला १,००० ने भागल्यावर साडेछप्पन लिटर. बाहेर टांगलेल्या फिल्टरमध्ये दीड लिटर पाणी मावते, ते धरून ५८ लिटर. ७२ च्या हिशेबाने दिलेला डोस म्हणजे जवळपास २४ टक्के जादा डोस.

याहून सोपा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे टाकी भरतानाच खुणा केलेल्या बादलीने मोजून भरणे. शेवटच्या बादलीनंतर पाण्याच्या पातळीवर बाहेरून चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर लिटरचा आकडा लिहा. ही चिकटपट्टी पुढे रोज लागणार आहे.

५. डोस काढा आणि टप्प्याटप्प्याने चढवा

सूत्र एकच आहे. टाकीतले लिटर गुणिले जितकी पातळी वाढवायची ते मिलिग्रॅम, भागिले औषधाच्या एका मिलिलिटरमधील कॉपरचे मिलिग्रॅम. एखाद्या औषधाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम कॉपर असेल आणि ५८ लिटरमध्ये ०.५ ची पातळी हवी असेल, तर ५८ × ०.५ = २९ मिलिग्रॅम, म्हणजे २.९ मिलिलिटर. बाटलीवर मिलिग्रॅम दिलेले नसतील, तर 'इतक्या लिटरला इतके मिलिलिटर घातल्यास इतकी पातळी' असे वाक्य असते. त्यावरून त्रैराशिकाने हाच आकडा मिळतो. बाटलीवरचे माप गॅलनमध्ये असेल तर अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो हे लक्षात ठेवा.

चिलेटेड कॉपर एकदम पूर्ण पातळीवर नेऊ नका. मासा दिसायला निरोगी असेल आणि हे केवळ खबरदारीचे क्वारंटाइन असेल, तर रोज साधारण ०.५ ने चढवत चार-पाच दिवसांत पातळी गाठावी. नाजूक जातींसाठी दिवस आणखी वाढवावेत. इक स्पष्ट दिसत असेल तर पहिल्या दिवशी १.५ पर्यंत जाऊन उरलेले अंतर दोन दिवसांत कापावे. व्हेल्वेटचा संशय असेल तर एवढीही उसंत नसते. २४ ते ४८ तासांत पूर्ण पातळी गाठण्याची जोखीम घ्यावी लागते, कारण हळू गेल्यास मासा पातळीपर्यंत पोहोचतच नाही. क्युप्रामिनसारख्या औषधात ठरलेली मात्रा दोन समान भागांत, ४८ तासांच्या अंतराने देतात.

प्रत्यक्ष घालताना सिरिंजने मोजलेले औषध टाकीच्याच कपभर पाण्यात मिसळा आणि माशापासून दूर, फिल्टरच्या प्रवाहात सावकाश सोडा. बाटलीच्या बुचाने किंवा थेंब मोजून डोस देऊ नका. दोन तासांनी, पाणी पूर्ण मिसळल्यावर, पहिले वाचन घ्या. गणित २.० सांगत असेल आणि चेकर १.६ दाखवत असेल तर घाईने भर घालू नका. दुसरे वाचन घ्या आणि मगच फरक भरून काढा.

६. मोजणी नीट करा

चढवण्याच्या दिवसांत प्रत्येक डोसच्या आधी आणि नंतर, पातळी स्थिरावल्यावर पहिला आठवडा रोज, आणि त्यानंतर दोन दिवसांतून एकदा मोजा. पाणी बदलल्यावर नेहमी मोजा.

चेकर चांगला असला तरी हात चुकतो. मी केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या चुका अशा: नळीवर बोटांचे ठसे राहणे, आत बुडबुडे चिकटणे, पुडीतील अर्धी पावडर कागदातच राहणे, आणि शून्य करताना टाकीचे पाणी वापरण्याऐवजी पिण्याचे पाणी वापरणे. शून्य नेहमी ज्या पाण्याचे वाचन घ्यायचे त्याच पाण्यावर, पावडर टाकण्यापूर्वी करायचे असते. नळी मऊ कापडाने पुसा, तिच्यावरची खूण दर वेळी एकाच दिशेला ठेवा, आणि पावडर टाकल्यापासून सूचनेत दिलेला वेळ चेकरलाच मोजू द्या. वाचन अनपेक्षित आले तर काहीही घालण्यापूर्वी नळी धुऊन पुन्हा वाचन घ्या. चेकरमध्येच ०.१ च्या आसपास फरक असू शकतो, म्हणून २.३८ आणि २.४४ यांतला फरक पाहून सिरिंज उचलू नये.

वहीत तारीख, वेळ, वाचन, घातलेले मिलिलिटर, अमोनिया, तापमान आणि मासा जेवला की नाही एवढे सात रकाने पुरतात. बाराव्या दिवशी काहीतरी बिघडते तेव्हा नवव्या दिवशी काय केले होते हे आठवणीवर सोडून चालत नाही.

७. पातळी ३० दिवस टिकवा

दिवसांची मोजणी पूर्ण पातळी गाठलेल्या दिवसापासून सुरू होते, पहिल्या थेंबापासून नव्हे. मध्येच पातळी उपचाराच्या किमान मर्यादेखाली गेली तर मोजणी पुन्हा एकपासून करावी लागते. हे ऐकायला कठोर वाटते, पण त्या एका फटीत कवच फुटून बाहेर पडलेली पिल्ले पुन्हा माशावर बसली असतील तर आधीच्या दिवसांचा उपयोग शून्य होतो.

पातळी दोन कारणांनी हलते. पाण्याची वाफ होते, कॉपर मात्र मागेच राहते. ५८ लिटरमधले ४ लिटर उडून गेले तर २.४० चे वाचन आपोआप २.५८ होते. म्हणून आधी चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत आरओचे (गाळून क्षार काढलेले) पाणी भरा, थोडे मिसळू द्या आणि नंतर मोजा. आधी मोजून मग पाणी भरणारा रोज चुकीच्या आकड्यावर निर्णय घेत असतो. वाफेची भरपाई करायला खारे पाणी वापरू नका, त्याने क्षारता चढते.

दुसरे कारण पाणी बदलणे. २.२५ च्या पातळीवरच्या ५८ लिटरमधून १५ लिटर काढून साधे खारे पाणी भरले तर पातळी १.६७ वर येते आणि मोजणी बाद होते. नवे १५ लिटर बादलीतच २.२५ पर्यंत आणा, म्हणजे त्यात १५ × २.२५ = ३३.७५ मिलिग्रॅम कॉपर आधीच मिसळा, बादलीतले वाचन घ्या आणि मग ते टाकीत सोडा. तापमान आणि क्षारताही जुळलेली असावी. क्षारता उपचारभर नेहमीसारखीच ठेवा. क्षारता उतरवण्याचा वेगळा उपचार कॉपरसोबत चालवल्यास कॉपर माशाला अधिक बाधते.

हळूहळू घट होणे स्वाभाविक आहे. ५८ लिटरमध्ये वाचन २.०५ आले आणि २.२५ हवे असेल तर फरक ०.२० चा, म्हणजे ११.६ मिलिग्रॅम कॉपर घालायचे. अंदाजाने 'थोडेसे' घालू नका. घट रोज मोठी असेल तर कारण शोधा. बहुतेकदा फिल्टरच्या कोपऱ्यात विसरलेली कार्बनची पिशवी सापडते.

८. अमोनियाकडे दुर्लक्ष करू नका

क्वारंटाइन टाकी लहान असते, दगड-वाळू नसते आणि कॉपरमुळे नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनिया संपवणारे, जिवाणू काहीसे मंदावतात. कॉपरच्या माथी मारले जाणारे बरेच मृत्यू खरे तर अमोनियाचे असतात. कमी पण रोज खाऊ घाला, उरलेले खाद्य अर्ध्या तासात काढा आणि पहिले दोन आठवडे अमोनिया रोज पाहा.

येथे एक धोकादायक सापळा आहे. अमोनिया वाढलेला दिसला की घरात असलेले कंडिशनर घालण्याची इच्छा होते. क्लोरीन आणि अमोनिया बांधून ठेवणारी बरीच कंडिशनर क्षपणकारक असतात आणि ती कॉपरला माशांसाठी अधिक विषारी रूपात नेऊ शकतात. कॉपर असलेल्या पाण्यात ती घालू नका. अमोनियावर उपाय म्हणजे आधीच कॉपर मिसळलेल्या पाण्याने पाणी बदलणे. नवे पाणी तयार करताना क्लोरीन काढण्यासाठी कंडिशनर लागत असेल, तर आरओचे पाणी वापरून तो प्रश्नच टाळलेला बरा.

इतर औषधेही एकत्र करू नका. विशेषतः फॉर्मलिन कॉपरसोबत देऊ नये. फ्लूकसाठीचे प्राझिक्वांटेल कॉपर संपल्यावर द्यावे.

९. मासा त्रासात दिसला तर

पातळी चढताना एक-दोन दिवस भूक मंदावणे हे नेहमीचे आहे. अशा वेळी पातळी आहे तेथेच थांबवा, मासा पुन्हा खाऊ लागला की पुढे चढवा. मासा तीन दिवस काहीच खात नसेल, तोल जात असेल, कोपऱ्यात निपचित पडला असेल किंवा उसळ्या मारत असेल, तर ते साधे रुसणे नाही.

जलद श्वास दिसला की बहुतेक जण गोंधळतात, कारण व्हेल्वेट, अमोनिया, प्राणवायूची कमतरता आणि कॉपरची बाधा या चौघांतही तो दिसतो. आधी हवा वाढवा, मग कॉपर आणि अमोनिया दोन्ही मोजा. अमोनिया शून्य आणि कॉपर पातळीच्या आत असेल तर परजीवी कल्ल्यांत असण्याची शक्यता जास्त, आणि त्या वेळी कॉपर काढून टाकणे ही चूक ठरेल. वाचन पातळीच्या वर असेल तर पाणी बदला. ३.० वरून २.२५ वर यायला २५ टक्के पाणी कॉपर नसलेल्या खाऱ्या पाण्याने बदलावे लागते, म्हणजे ५८ लिटरमध्ये साडेचौदा लिटर. आकडा पातळीत असूनही मासा ढासळतच असेल आणि व्हेल्वेटची लक्षणे नसतील, तर त्या माशाला कॉपर सोसत नाही असे समजून कार्बन घाला आणि उपचार बदला. अशा वेळी आकड्यांपेक्षा माशाकडे पाहावे.

१०. उपचार संपवताना

३० दिवस पूर्ण झाले की पाणी बदलत आणि फिल्टरमध्ये कार्बन ठेवून कॉपर उतरवा. उतरवताना घाई केली तरी माशाला सहसा त्रास होत नाही. वाचन शून्यावर आल्यावर मासा लगेच मुख्य टाकीत हलवू नका. निदान दोन आठवडे त्याला साध्या पाण्यात पाहा; कॉपरमुळे दबलेला रोग असेल तर तो याच काळात डोके वर काढतो. फ्लूकचा उपचारही याच वेळी उरकता येतो.

मुख्य टाकीतूनच रोगी मासे काढले असतील तर ती टाकीही काही काळ माशांविना ठेवावी लागते. कवचातला परजीवी सहसा ३ ते २८ दिवसांत फुटतो, परंतु ७२ दिवसांनंतर फुटल्याचीही नोंद आहे. म्हणून ७६ दिवस रिकामी ठेवण्याची शिफारस रूढ झाली आहे. त्या काळात दोन टाक्यांत एकच जाळी, एकच पाइप किंवा ओला हात वापरू नका. माझी दुसरी फसगत नेमकी ओल्या हाताने झाली होती, आणि ७६ दिवसांची मोजणी पन्नासाव्या दिवशी पुन्हा सुरू करावी लागली.

कॉपरचे पाणी ओढा, विहीर, तळे किंवा बागेतल्या कुंडात ओतू नका. तेथील जलचरांना ते तितकेच घातक असते. काढलेले पाणी आधी कार्बनमधून फिरवून वाचन शून्यावर आणा आणि मग सांडपाण्याच्या नळीत सोडा. स्पंज आणि फिल्टरचा माल फेकून द्या. टाकी, हीटर, पाइप, बादली, सिरिंज धुऊन वाळवा आणि प्रत्येकावर न पुसणाऱ्या शाईने 'कॉपर' असे लिहा, म्हणजे वर्षभराने त्यातली बादली कोरलच्या टाकीसाठी उचलली जाणार नाही.